हुगळीवरची कावड

काही शब्द भाषांतरकाराची परीक्षा पाहण्यासाठीच जन्मास येतात की काय, असे आमच्या व्यवसायातल्या माणसाला वारंवार वाटते. ‘केबल-स्टेड’ हा त्यांपैकी एक. देशातील मोठ्या पुलांविषयीचा एक लेख मराठीत आणावयाचा होता, आणि कोलकात्याच्या विद्यासागर सेतूपाशी येऊन माझी लेखणी अडली. ‘झुलता पूल’ असे लिहून मोकळे होता आले असते. पुष्कळजण तसे लिहितातही. पण हा पूल झुलता नव्हे. झुलता पूल म्हणजे दोन खांबांना बांधलेली, मध्ये सैल पडलेली कपडे वाळत घालण्याची दोरी, आणि त्या दोरीला उभ्या तारांनी टांगलेला रस्ता. ऋषिकेशचा रामझुला त्या जातीचा. विद्यासागर सेतूला अशी सैल पडलेली दोरीच नाही. त्याच्या उंच मनोऱ्यांच्या माथ्यापासून पोलादी दोर निघतात, पंख्याच्या काड्यांप्रमाणे तिरपे पसरतात आणि थेट रस्त्यालाच धरतात. तागडीच्या पारड्याला त्याच्या दोऱ्या धरतात तसे.

वाचकहो, चैत्रात शिखर शिंगणापूरच्या वाटेवर कावडी चाललेल्या आपण पाहिल्या असतील. कावडीचा सारा भार उचलणाऱ्याच्या अंगातून सरळ जमिनीत उतरतो. त्याला सांभाळावयाचा असतो तो फक्त तोल. एका बाजूचा घडा जड झाला की दुसरी बाजू हाताने दाबून धरावी लागते. या पुलाचेही तसेच आहे. त्याचे दोन मनोरे म्हणजे दोन कावडवाले. दोघांमधले नदीवरचे अंतर १५०० फूट, म्हणजे ४५७ मीटर, आणि काठाच्या बाजूला प्रत्येकी ६०० फुटांचा गाळा. म्हणजे प्रत्येक मनोऱ्याच्या एका अंगाला ७५० फुटांचा भार, तर दुसऱ्या अंगाला ६०० फुटांचा. अर्थातच नदीकडची बाजू जड. ती जड बाजू खाली जाऊ नये म्हणून काठाकडची टोके दोरांनी खाली घट्ट बांधून ठेवावी लागली आहेत. ‘कावडपूल’ हा शब्द मी लेखात घालून पाहिला आणि संपादकीय मेजावर तो काटला गेला, हे सांगावयास हरकत नाही. छापून आला तो ‘केबल-स्टेड पूल’च. असो.

पुढे कामानिमित्त कोलकात्यास जाणे झाले तेव्हा हा पूल पाहण्यास मुद्दाम गेले. प्रिन्सेप घाटाच्या पांढऱ्या, खांबांच्या दालनामागे तो एकदम वर उठतो. ब्राह्मी लिपीचे कोडे १८३७ मध्ये सोडविणाऱ्या जेम्स प्रिन्सेपच्या स्मरणार्थ बांधलेले ते दालन जुन्या कलकत्त्याचे, आणि त्याच्या पाठीशी १२७ मीटर उंचीचे मनोरे कालपरवाचे. छायाचित्रकारांना ही जोडी फार आवडते. मात्र पूल दिसतो तितका कालपरवाचा नाही. त्याची कोनशिला २० मे १९७२ रोजी इंदिरा गांधींनी बसविली. प्रत्यक्ष कामास आरंभ झाला ३ जुलै १९७९ रोजी. वाहतुकीस तो खुला झाला १० ऑक्टोबर १९९२ रोजी, पंतप्रधान नरसिंह राव यांच्या हस्ते. कोनशिलेच्या दिवशी जन्मलेले मूल उद्घाटनाच्या दिवशी मतदार झालेले होते. तेही मध्यंतरी मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले म्हणून! ठरल्या काळात तो पुरा झाला असता तर आपल्या जातीच्या पुलांत जगातला सर्वांत लांब गाळा त्याच्याच नावावर लागला असता. तो होईतो कॅनडातले आणि नॉर्वेतले पूल पुढे निघून गेले होते.

परंतु मला सांगावयाचे आहे ते या विलंबाविषयी नव्हे. विलंब आपल्याला अपरिचित नाही. या वीस वर्षांत पुलाखालच्या नदीच्या दोन्ही काठांवर काय होत होते, आणि पूल कोणाच्या हातांनी उभा राहत होता, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

हुगळीचा काठ म्हणजे तागाचा काठ. नदीकाठच्या रिषडा येथे १८५५ साली यंत्रावर ताग कातण्याची पहिली गिरणी निघाली. योगायोग असा की त्याच वर्षी ईश्वरचंद्र विद्यासागरांचे ‘वर्णपरिचय’ हे बंगाली मुळाक्षरांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे पुलाला नाव मिळाले ते याच विद्यासागरांचे. (त्यांच्या विधवाविवाहावरील ग्रंथाचा मराठी अनुवाद आपल्या विष्णुशास्त्री पंडितांनी केला, ही आम्हा भाषांतरकारांच्या जिव्हाळ्याची गोष्ट जाता जाता सांगून ठेवते. आईला भेटण्यासाठी विद्यासागर पुराने भरलेली दामोदर नदी पोहून गेले, अशी आख्यायिका बंगालात घरोघर सांगतात. अशा पुरुषाचे नाव पुलाला द्यावे, यात कोणाची तरी रसिकता असली पाहिजे.) पुढल्या साठसत्तर वर्षांत दोन्ही काठांवर गिरण्यांच्या चिमण्यांची रांग लागली. १९२० च्या दशकात त्यांत तीन लाखांहून अधिक माणसे कामास होती: बिहारची, पूर्व उत्तर प्रदेशाची, ओडिशाची, आंध्रची. आपल्याकडे ज्याला बारदान म्हणतात ते गहू-तांदळाचे, साखरेचे पोते बहुधा याच काठावर विणले जाई. कोल्हापूरच्या साखर कारखान्यातून साखर बाहेर पडे ती हुगळीकाठच्या कामगाराच्या हातचे वस्त्र नेसून.

गिरण्यांच्या सोबतीने हावड्यात लोखंडाचे काम वाढले. ओतकामाच्या भट्ट्या, लेथ, रेल्वेचे डबे, पुलांच्या तुळया. हावड्याला कोणी ‘पूर्वेचे शेफील्ड’ म्हणत. बेलिलियस रोडच्या दोन्ही अंगांच्या लहान लहान कारखान्यांत बापाजवळ मुलगा काम शिके. न्यू यॉर्कच्या रस्त्यांवर गटारांची जी लोखंडी झाकणे असतात, त्यांतली पुष्कळशी हावड्याच्या भट्ट्यांत ओतलेली, हे अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांनी पायाखाली पाहून ताडून घ्यावे.

मग उतरण लागली. तिचे कारण एक नाही. १९४७ च्या फाळणीने तागाची शेते बहुतांशी पलीकडच्या देशात गेली आणि गिरण्या अलीकडे राहिल्या. नदी गाळाने भरत चालली. तिला पाणी मिळावे म्हणून १९७५ साली फराक्का बंधारा सुरू झाला, पण मोठी जहाजे खाली हल्दियाकडेच थांबू लागली. १९६० च्या दशकाच्या मध्यानंतर रेल्वेच्या डब्यांची मागणी घटली आणि हावड्याच्या लोहारकामाचा कणाच वाकला. प्लॅस्टिकच्या पोत्याने तागाच्या पोत्याला हटविले. ताग वाचावा म्हणून १९८७ साली धान्य-साखरेसाठी तागाची पोती सक्तीची करणारा कायदा करावा लागला. आणखी एक कारण असे आहे की ते आपण महाराष्ट्रातल्या लोकांनी थोडे अवघडून ऐकावे. १९५० च्या दशकापासून १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत पोलादाच्या वाहतुकीचे भाडे देशभर समान धरले जाई. म्हणजे जमशेदपूरचे पोलाद शेजारच्या हावड्यात ज्या दराने पडे, जवळजवळ त्याच दराने ते मुंबईत आणि पुण्यात पडे. हेतू सारा देश सारखा वाढावा हा होता. तो वाईट नव्हता. परंतु खाणीच्या आणि भट्टीच्या शेजारी असल्याचा जो लाभ हावड्याला निसर्गाने दिला होता, तो त्यामुळे गेला. आपल्या पिंपरी-चिंचवडच्या भरभराटीला अनेक गोष्टी कारण झाल्या, त्यांत हीही एक होती. पुढे १९८२ च्या संपानंतर गिरणगावात आपण जे पाहिले, ते हुगळीकाठी त्याआधीपासून, संथपणे, वर्षानुवर्षे चालू होते.

अशा काळात हा पूल उभा राहत होता.

त्याचा आराखडा जर्मन स्थापत्यशास्त्रज्ञ यॉर्ग श्लाइख यांचा. म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिंपिक क्रीडागाराचे तंबूसारखे छप्पर ज्यांच्या हातून घडले, त्यांपैकी हे एक. युरोपात तेव्हा असे पूल वितळजोडाने, म्हणजे वेल्डिंगने, जोडीत. येथे उपलब्ध असलेले पोलाद त्या रीतीस योग्य नव्हते. बाहेरून पोलाद आणावे, बाहेरून माणसे आणावीत, हा एक मार्ग झाला. श्लाइखांनी दुसरा पत्करला. हावडा-कोलकात्याच्या कारखान्यांतल्या माणसांना जे पिढ्यान्‌पिढ्या येत होते त्यावर त्यांनी पुलाची आखणी केली, आणि ते काम होते रिव्हेटचे; कारखान्यांतले लोक ज्याला रिबीट म्हणतात ते. दोन पत्रे एकावर एक ठेवावयाचे, भोके जुळवावयाची, भट्टीत लाल केलेली खिळी त्यात घालावयाची, एकाने मागून दाबून धरावयाचे आणि दुसऱ्याने पुढून हातोडा चालवून तिला टोपी आणावयाची. निवताना खिळी आकसते आणि दोन्ही पत्रे एकमेकांस आवळून धरते. या कामात पुस्तकाचा उपयोग थोडा. खिळीचा रंग पाहून ती तयार झाली की नाही हे सांगणारा डोळा लागतो, आणि तो डोळा एखाद्या मनुष्याजवळ असतो वा नसतो.

ही विद्या या नदीला नवी नव्हती. ३ फेब्रुवारी १९४३ रोजी खुला झालेला जुना हावडा पूल असाच रिव्हेटांनी जोडलेला. त्याच्या २६,५०० टन पोलादापैकी २३,००० टन टाटांच्या कारखान्याने पुरविले होते, आणि तुळया बनविणारे कारखाने होते ब्रेथवेट, बर्न आणि जेसॉप यांचे. या तिघांच्या नावांची मिळून जी कंपनी झाली, तिनेच पुढे विद्यासागर सेतूचेही पोलादकाम केले. दोन पुलांमध्ये जवळजवळ पन्नास वर्षांचे अंतर. एक जुन्या धाटणीचा, तुळयांच्या जंजाळाचा. दुसरा सडपातळ, दोरांचा. पाहणाराला त्यांत काही नाते दिसत नाही. पण हात तेच. म्हणून मी म्हणते, विद्यासागर सेतू हे एखाद्या नव्या युगाचे प्रवेशद्वार आहे असे जे लिहिले जाते, त्यापेक्षा हुगळीकाठच्या जुन्या कारागिरीचे ते शेवटचे मोठे काम आहे असे म्हणणे अधिक खरे. ज्या तिघांचे नाव त्यावर आहे त्यांपैकी बर्नच्या वारसदार कंपनीला कुलूप लावण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१८ साली घेतला.

हे मी पुस्तकांतून वाचले होते. ते खरोखर काय होते याची चुणूक मला लाँचमध्ये मिळाली. हावडा स्टेशनासमोरच्या घाटावरून बाबूघाटाकडे लाँच सुटते. शेजारी पासष्टीच्या आसपासचे एक गृहस्थ बसले होते. मूळचे बिहारातल्या छपरा भागाचे. वडील तागाच्या गिरणीत, म्हणून हेही गिरणीत. मी पुलाकडे टक लावून पाहते आहे हे पाहून त्यांनी आपण होऊन विचारले, “दीदी, पहिल्यांदा आलात काय?” मी त्यांना चाचाजी म्हणत होते आणि माझ्या मोडक्या हिंदीची ते कीव करीत होते. पूल होत असताना रात्रपाळी सुटल्यावर घाटावर बसून ते काम पाहत असत. दोन्ही काठांवरून रस्ता पुढे पुढे येत होता आणि मधले अंतर रोज थोडे कमी होत होते. आपल्या गिरणीतले लोक त्यावर पैजा लावीत, असे त्यांनी सांगितले. दोन टोके नेमकी समोरासमोर येतील की चुकतील, ही पैज! “आली ना बरोबर,” असे म्हणताना त्यांचा चेहरा असा झाला की जणू ती त्यांनीच जुळविली होती.

गिरणीविषयी विचारले तेव्हा मात्र त्यांनी एक इंग्रजी शब्दसमूह उच्चारला: ‘सस्पेन्शन ऑफ वर्क’. एका सकाळी फाटकावर त्याचा कागद लागला. पुढे फाटक उघडले, पुन्हा लागले, पुन्हा उघडले. वाचकहो, या शब्दांचे भाषांतर करून पाहा. ‘काम तहकूब’. गिरणी बंद नाही; काम तेवढे तहकूब आहे. बंद झाली असती तर हिशेब चुकता करावा लागला असता. तहकूब कामाचा कामगार धड नोकरीत नसतो आणि धड मोकळाही नसतो. ग्रॅच्युइटीचे काय, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “तीही तहकूब आहे.” आणि हसले. मला हसता आले नाही.

त्यांचा मुलगा रोज बसने त्याच पुलावरून पलीकडे जातो. कोलकात्यातल्या एका मोठ्या दुकानाच्या दारावर तो पहारेकरी आहे. जाण्यायेण्याचा वेळ पुलामुळे वाचतो, हे त्यांनी मान्य केले. पूल नसता तर मुलाला ही नोकरी धरणे कठीण गेले असते, हेही मान्य केले. स्वतः ते मात्र लाँचनेच जातात. पुलावरून गेले की पूल दिसत नाही, हे त्यांचे कारण.

पूल झाला की उद्योग येतील, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. मला वाटते ती पुलावर अन्याय करणारी आहे. पुलाचे काम पलीकडे पोहोचविण्याचे. पलीकडे काय असावे, हे त्याच्या हातात नाही. विद्यासागर सेतूने हावड्याच्या बाजूला कोना एक्सप्रेसवे आणि त्यापुढचे राष्ट्रीय महामार्ग शहराशी जोडून दिले, जुन्या पुलावरचा भार हलका केला. तेवढे त्याने चोख केले. त्याच्या हावड्याकडच्या टोकाशी, मंदिरतला येथे, एक उंच इमारत बांधली गेली ती तयार कपड्यांच्या उद्योगासाठी. म्हणजे कापडचोपडाचा का होईना, पण उद्योग तेथे यावा अशी कल्पना होती. २०१३ साली पश्चिम बंगाल सरकारने आपले सचिवालय रायटर्स बिल्डिंगमधून हलविले ते त्याच इमारतीत. तिला आता ‘नबान्न’ म्हणतात. शिवणयंत्रांच्या जागी फायली आल्या. याला कोणी ऱ्हास म्हणेल, कोणी नशीब म्हणेल. आजूबाजूच्या चहावाल्यांचा धंदा मात्र वाढला असला पाहिजे, हे तिथली गर्दी पाहून कोणीही सांगेल.

उत्तरपाड्याचा मोटारींचा कारखाना, जेथे कित्येक दशके ‘अँबॅसडर’ तयार होत असे, तेथले काम मे २०१४ मध्ये थांबले. गंमत पाहा, पुलावरून जाणाऱ्या पिवळ्या टॅक्सी बहुतेक त्याच कारखान्याच्या. पंधरा वर्षांहून जुन्या व्यापारी वाहनांना शहरात बंदी असल्याने त्या वर्षागणिक कमी होत आहेत. तागाच्या गिरण्या सगळ्या गेल्या असे मात्र समजू नये. देशातल्या बहुसंख्य तागाच्या गिरण्या आजही याच काठांवर आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ चालू आहेत. सरकारी धान्याच्या पोत्यांवर त्यांचे बरेचसे चालते. हावड्याच्या भट्ट्याही सगळ्या निवलेल्या नाहीत. मार्च २०२४ मध्ये नदीच्या तळाखालून मेट्रो धावू लागली, तीही हावड्यालाच येऊन मिळते.

पुलाचेही आता वय झाले. अलीकडच्या वर्षांत त्याचे दोर आणि बेअरिंग दुरुस्त करण्याचे काम निघाले, आणि त्यासाठी काही मार्गिका आळीपाळीने बंद ठेवाव्या लागल्या. दुरुस्तीच्या यादीत टोके खाली धरून ठेवणारे ते दोरही होते, ज्यांच्याविषयी आरंभी लिहिले. या जातीच्या पुलाची सोय अशी की एक दोर सोडवून त्याच्या जागी दुसरा घालता येतो. पूल पाडावा लागत नाही. रिव्हेटचे तसे नाही. सैल झालेली रिव्हेट कापून काढली की तिच्या जागी आता बहुधा बोल्ट येतो, कारण लाल खिळीचा रंग ओळखणारा माणूस शोधूनही मिळणे कठीण झाले आहे.

आपण कोलकात्यास गेलात तर हा पूल मोटारीतून पाहू नका. दोन मिनिटांत तो संपतो आणि हाती काही लागत नाही. हावड्याहून बाबूघाटाकडे येणारी लाँच घ्यावी, म्हणजे पूल समोर राहतो. सकाळी नऊच्या आत गेल्यास बसावयास जागा मिळते. पुढे नदीकाठाने चालत प्रिन्सेप घाटाच्या पलीकडे, पुलाच्या बुंध्याशी जावे. तेथे मान वर करून पाहिले की पोलादावर हरभऱ्यांसारखे दाणे ओळीने दिसतात. त्या रिव्हेटांच्या टोप्या. मी एका तुळईवरच्या मोजू लागले होते. दोनशेच्या पुढे गेल्यावर मान अवघडली आणि सोडून दिले.